पांढऱ्या कापडाचे दिवस

काजवाली भांडकुदळ होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कोट शिवणाऱ्या त्या लांबट कारखान्यात एकवीस वर्षं ती हातानं काजं करत होती आणि तिच्या तोंडातून तिथलं एकही माणूस सुटलं नव्हतं. पण काज करावं तर तिनंच. तिनं भरलेल्या काजातून बटण जन्मभर आत-बाहेर केलं तरी धागा उसवायचा नाही. म्हणून मास्तर दातओठ खाई आणि तिला ठेवून घेई.

तिच्या घरात आतड्याचा कॅन्सर वारशानं आला होता. वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले, थोरला भाऊ एकोणचाळिसाव्या. भाऊ अंथरुणावर असताना त्याच्या डॉक्टरीणबाईंनी हिचंही रक्त तपासलं. तोच वारशाचा दोष हिच्यातही निघाला. मग ठरलं, की ठरावीक मुदतीनं नळी घालून आतडं तपासायचं आणि रोज ॲस्पिरिनची एक गोळी घ्यायची.

"डोकेदुखीची गोळी? कॅन्सरवर?"

"झाल्यावर नाही, होऊ नये म्हणून. तुमच्यासारख्या घरांत वर्षानुवर्षं घेतली तर धोका कमी होतो. संपत नाही, कमी होतो. आणि शेजारणीला वाटू नका. पोटात रक्तस्राव होतो एखादीच्या."

गोळी सुरू झाली आणि सुईनं दावा साधला. पूर्वी बोटाला टोचलं की चोखून मोकळं. आता गोळीनं रक्त पातळ झालेलं, थेंब थांबेचना. वकिलांच्या काळ्या कोटांवर कोण बघतंय? पण जहाजावरच्या अधिकाऱ्यांचे पांढरेशुभ्र कोट आले की पंचाईत. शिवणाऱ्यांचा एक जुना उपाय असतो, ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दोऱ्याचा तुकडा चावून ओला करायचा आणि डागावर घासायचा. ती घाशी. पण एक ठिपका राहिला, आणि तो नेमका वहिनीच्या इस्त्रीखाली सापडला.

वहिनी म्हणजे त्याच गेलेल्या भावाची बायको, त्याच कारखान्यात इस्त्रीला. नवरा गेला, नणंद गोळी गिळून जगतेय, हे तिला पाहवत नव्हतं आणि ते ती लपवतही नव्हती. गरम इस्त्रीनं पक्का झालेला तो तपकिरी ठिपका तिनं मास्तरच्या नाकासमोर धरला.

"वन्संच्या गोळीचा आशीर्वाद," ती म्हणाली.

"बाई, हा कोट आहे की बँडेज?" मास्तर ओरडला. "गोळी बंद करा, नाहीतर घरी बसा."

"डाग बघायला डोळे मिळाले," काजवाली वहिनीला म्हणाली, "भाऊ वर्षभर वाळत होता, तेव्हा कुठे ठेवले होते?"

वहिनीनं इस्त्री अशी आदळली की ठिणगी उडाली.

त्या दिवशी काजवालीनं स्वतःच्या अकलेनं एक तोड काढली. कापड पांढरं असेल तेव्हा गोळी नाही, काळं असेल तेव्हा गोळी. सुईत दोरा पांढरा ओवला की पाकीट डब्यात बंद. दोन वर्षं तिनं हा नेम पाळला. डाग पडतच राहिले. तिला वाटे, आपलं रक्तच हट्टी. विचारायला मात्र कुणाकडे गेली नाही. विचारणं तिच्या स्वभावात कुठलं?

तपासणीत मांसाचा एक कोंब सापडला. तिथल्या तिथे काढला, आणि नशीब, साधा निघाला. डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "गोळी रोज चाललीय ना?"

"काळ्या कापडाच्या दिवशी घेते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सगळं ऐकून घेतलं आणि मग त्या जे बोलल्या, त्यात गोडवा नव्हता.

"एका गोळीचा रक्तावरचा परिणाम आठवडाभर टिकतो, बाई. तुम्ही दोन-चार दिवस टाळून काय थांबवलंत? रक्त वाहतच राहिलं आणि गोळीचा नेमही मोडला. दोन्हीकडून स्वतःलाच फसवलंत. कोंब यामुळेच आला असं मी म्हणणार नाही, ते कुणीच सांगू शकत नाही. पण गोळी रोजची म्हणजे रोजची."



दुसऱ्या दिवशी टेबलावर पांढऱ्या कोटांची चळत होती. तिनं मास्तरसमोर गोळी जिभेवर ठेवली, वर पाणी प्यायली.

"मास्तर, आजपासून रोज. पांढरं मला देऊ नका."

"मग पांढऱ्याची काजं काय माझी आई करेल?"

"येत असतील तर करू दे की. मशीन लावा, नवी बाई शोधा. मला नुसतं काळं द्या."

"काळ्यावर काळा दोरा! चाळिशीला आलात. दोन वर्षांत डोळे जातील."

"जाऊ देत. चष्मा डोळ्यांना मिळतो, आतड्याला मिळत नाही."

मास्तर शिव्या घालत गेला. पण काळी चळत तिच्याकडे आली, कारण पर्याय नव्हता. खिडकीजवळची तिची जागा नव्या बाईला मिळाली. काजवाली मागच्या भिंतीला लागली, दिव्याखाली. आठवड्याभरात डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. बोटं तर टोचतच होती.

सहाव्या दिवशी वहिनीनं इस्त्रीला घेतलेला काळा कोट थांबवला. काजापाशी तळवा फिरवला.

"इथे ओलं लागतंय, वन्सं."

"मग?"

"रक्त की थुंकी?"

"दोन्ही माझंच. घाला इस्त्री."

वहिनीनं मास्तरच्या काचेच्या खोलीकडे पाहिलं. मग कोटाकडे. काळ्यावर काहीच दिसत नव्हतं, दाखवणार काय?

"मर एकदाची," ती पुटपुटली आणि इस्त्री दाबली.

"तेवढंच सोडून बोला," काजवाली म्हणाली आणि सुईत पुढचा काळा दोरा ओवू लागली. तिसऱ्या खेपेला ओवला गेला.