जबाबातून गळालेलं वाक्य

आधीच सांगून टाकतो, मी संशयी माणूस आहे. औरंगाबादच्या — आता छत्रपती संभाजीनगर — एका कायदा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी सगळी नोकरी झाली. गुन्हेशास्त्राची, तपासपद्धतीची पुस्तकं रोज हाताखालून जायची. त्यातून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली : माणूस खोटं न बोलताही चुकीची साक्ष देतो. त्यामुळे कुणी भुताचा अनुभव सांगू लागलं, की मी मनातल्या मनात त्याची उलटतपासणी सुरू करायचो. आता स्वतःचीच करतो आहे... बरीच वर्षं झाली.

माझा धाकटा भाऊ दिनू वाळूजला एका कंपनीत फिटर होता. तेव्हा तिथं कारखाने नुकते वाढत होते, रस्ता अरुंद होता. फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर मोटारसायकलवरून घरी येताना त्याला कुठल्याशा वाहनानं मागून उडवलं. भर दुपारी. वाहन थांबलं नाही. दवाखान्यात नेईपर्यंत दिनू गेला होता.

त्यानंतर आईचा एकच प्रश्न. "शेवटी कुणी होतं का रे त्याच्याजवळ? का एकटाच...?" चहा देताना, देवापुढं वात लावताना, रोज. मी म्हणायचो, "तपास चालू आहे, आई."

तपास लवकर लागला असं वाटलं. रस्त्याकडेच्या पडीक रानात शेळ्या चारणाऱ्या सोनाबाई नावाच्या म्हातारीचा जबाब होता. त्यावरून पोलिसांनी अन्वर नावाच्या टेम्पोवाल्याला ताब्यात घेतलं. गुलमंडीतल्या दुकानांना कापडाचे गठ्ठे पोचवणारा, पंचविशीतला पोरगा. इन्स्पेक्टरांनी मला जबाब वाचून दाखवला : 'एक अनोळखी इसम जखमीजवळ बसून "चला मियाँ" असे म्हणून निघून गेला.'

"म्हणजे गाडीत दोघं होते," ते म्हणाले. "एकानं उतरून बघितलं, जोडीदाराला हाक मारली आणि पळाले. ह्याचा टेम्पो त्या दिवशी त्याच रस्त्यानं गेलाय, पुढचा पत्रा चेपलाय. अजून काय पाहिजे, सर?"

बाकावरून अन्वर माझ्याकडे बघत म्हणाला, "भाईसाब, मियाँ तो आधा औरंगाबाद बोलता. फिर आधे को पकड़ो ना."

हवालदार हसला. अन्वर हसला नाही. मीही नाही. तो शब्द आमच्या घरातलाही होता.

आमचे वडील, अण्णा, निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले. पोलीस ॲक्शननंतर कचेरीची भाषा बदलली, पण अण्णांच्या तोंडची उर्दू काही गेली नाही. मला ते 'प्रोफेसर' म्हणत आणि दिनूला 'मियाँ'. पण अण्णा जाऊन तोवर कितीतरी वर्षं लोटली होती.

हे इन्स्पेक्टरांना कसं सांगणार? भाऊ गेला, आता ह्याचं डोकंही गेलं, असं म्हणाले असते. आणि गप्प बसलो तर तो पोरगा माझ्या भावाच्या मरणासाठी आत जाणार... घरी आलो, जेवण जाईना.

दुसऱ्या दिवशी सोनाबाईला शोधत गेलो. फिर्यादीच्या माणसानं साक्षीदाराला भेटू नये, हे मला कळत होतं. तरी गेलो. वाटेत स्वतःला बजावत होतो : उत्तर सुचवणारा प्रश्न विचारायचा नाही. अण्णांचं नाव काढायचं नाही. फोटो दाखवायचा नाही.

"मावशी, तुम्हाला दिसलं तसं सांगा."

"कितींदा सांगू बाबा? धाडकन आवाज झाला. वर बघितलं तर गाडी निघून गेल्याली, पोरगं पडल्यालं. मी नाल्यात उतरून पळत सुटले. वर बघते तर त्याच्यापाशी म्हातारा बसल्याला. धोतर, काळी टोपी. पोराचं डोकं मांडीवर."

"म्हातारा? पोलिसांना तसं सांगितलंत?"

"व्हय तर! त्यांनी काय लिव्हलं मला काय म्हाईत."

इसम. जबाबाच्या भाषेत विशीतलाही इसम आणि सत्तरीतलाही इसमच.

"मंग म्हनला, चला मियाँ..." ती थांबली.

"पुढं?"

"पुढं येड्यावानीच. 'चला मियाँ, सुटली शाळा.' त्या शिपायाला सांगितलं, तर म्हनला, आजी, कामाचं तेवढं बोला. मी नाल्यातून वर येस्तोवर म्हातारा नाय का काय नाय."

मी तिथंच बांधावर बसलो. अण्णा दिनूला सायकलवर शाळेतून आणायचे. फाटकापाशी उभं राहून घंटी वाजवायचे आणि हेच म्हणायचे. हेच, याच चालीत. आमच्या घराबाहेर हे कुणाला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

इन्स्पेक्टरांना मी एवढंच म्हणालो, "साहेब, त्या इसमाचं वय तेवढं विचारा तिला." त्यांनी माझ्याकडे जरा रोखून बघितलं. पण विचारलं. ओळख परेड झाली तेव्हा सोनाबाई रांगेवरून चालत गेली आणि म्हणाली, "ही समदी पोरं हायेत. म्हातारा कुठाय?" टेम्पोचा पत्राही जुनाच चेपलेला निघाला. अन्वर सुटला.

काही दिवसांनी तो घरी भेटायला आला. आईला मी यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. तिनं त्याला चहा दिला.

"अम्मा, एक लफ़्ज़ पे उठाये मेरे को," तो म्हणाला. "कौन तो मियाँ बोला, बस."

आईनं माझ्याकडे बघितलं. "कोण म्हणालं?"

मग मला ते अख्खं वाक्य सांगावं लागलं. आईनं पदरानं चेहरा पुसला आणि अन्वरला म्हणाली, "साखर कमी नाही ना झाली, बाळा?" त्या दिवसानंतर तिनं तो प्रश्न पुन्हा कधी विचारला नाही.

गाडी शेवटपर्यंत सापडली नाही. तो म्हाताराही नाही. पोलिसांनी आसपासच्या वस्त्यांवर चौकशी केली होती. ते वाक्य भ्रमात दिनूच बोलला असेल? मग टोपीवाला कोण? मी म्हातारीच्या तोंडी शब्द घातले? मी फक्त 'पुढं?' एवढंच विचारलं होतं... उलटतपासणी इथं येऊन अडते.

आई जाऊनही आता बराच काळ झाला. आमच्या घरातला मीच एकटा उरलो आहे. हे विद्यापीठाचं गाव, रस्त्यात 'प्रोफेसर' म्हणून कुणी ना कुणी कुणाला हाक मारतंच. मागून तो शब्द कानावर आला की माझे पाय थबकतात.

वळून बघायची मात्र अजून हिंमत झालेली नाही.