खोटं वाक्य चालणार नाही

बायकांना इंग्रजी शिकवायला बसलं की इंग्रजी थोडं आणि भानगडी फार गोळा होतात. घाटकोपरला आमच्या वस्तीतल्या विहारात दर मंगळवारी दुपारी माझा वर्ग भरतो. मी स्वतः चौथी पास. बाकीचं इंग्रजी एका फाटक्या डिक्शनरीतून शिकले, कुणाच्या पाया न पडता!

माझा नियम एकच. शब्दाचं वाक्य स्वतःच्या आयुष्यातलं हवं आणि खरं हवं. "राजू इज अ गुड बॉय" चालणार नाही. कोण राजू? आपण ओळखतो त्याला?

दर महिन्याला एक शब्द. ऑक्टोबरचा शब्द होता ‘रिगेन’. आपलं होतं, गेलं, ते झटून पुन्हा मिळवलं, असा अर्थ. शब्द मी यमुनेसाठी निवडला होता. ती माझ्याच वर्गात सही शिकली होती. गेल्या वर्षी लकवा आला आणि उजवा हात गेला. बँकेत पुन्हा शाईचं पॅड पुढे आलं. आता नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. "अंगठा लावणार नाय," एवढंच ती बोलली, आणि डाव्या हाताने वहीची पानं भरायला लागली.

*

पहिली उठली सुगंधा. मालवणची, तोंडाने फटकळ. "आय रिगेन्ड माय छत्री!"

"कशी?"

"रिक्षावाल्यान आणून दिल्यान."

"मग तू काय केलंस?"

"मी तेका चाय पाजलंय!"

"बस खाली. छत्रीला ‘गॉट बॅक’ म्हण. रिगेन होतं ते बळ, तोल, शुद्ध, ताबा. मुठीत धरता येत नाही ते."

"मगे माका ता नको," सुगंधा म्हणाली. "माझी छत्री बरी!"

*

पुढच्या मंगळवारी मात्र ती छाती काढून आली. "आय रिगेन्ड कंट्रोल ऑफ माय किचन!"

वाक्य झकास! झालं होतं असं, की नणंद गावाहून पंधरा दिवसांसाठी आली आणि तीन महिने राहिली. मसाल्याचे डबेसुद्धा तिने आपल्या मर्जीने लावले.

"मग घालवलीस कशी?"

"सांगलंय, गावाक तुझे आंबे माकडां खातत. दुसऱ्या दिवशी बॅग भरल्यान!"

"माकडं खरंच आली होती?"

"आक्का, वाक्य खरा होया म्हणालंस. माकडां खरी होयीत असा खय म्हणालंस?"

*

मीना गोरेगावच्या स्टुडिओत कपड्यांना इस्त्री करते. दिवसभर नट-नट्यांचे चोचले बघते आणि घरी येऊन नवऱ्यावर भडकते. तिचं वाक्य: "आय लॉस्ट माय टेम्पर."

"अगं, शब्द रिगेन आहे. टेम्पर रिगेन केलास का?"

"अजून नाय आक्का. त्याने सॉरी कुठे बोललंय?"

*

एकदा कुणाचा तरी पाहुणा, कॉलेजात शिकवणारा, वर्ग बघायला आला. भर वर्गात त्याने माझा उच्चार दुरुस्त केला. बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी खडू खाली ठेवला.

मग विचारलं, "सर, तुम्हाला इंग्रजी कुणी शिकवलं?"

"शाळा होती, कॉलेज होतं, दोन क्लास लावले होते."

"बापरे, एवढी माणसं लागली?"

त्या दिवशी सगळ्यांनी न सांगता वहीत एकच वाक्य लिहिलं. ‘आक्का रिगेन्ड कंट्रोल ऑफ द क्लास.’

*

ऑक्टोबरच्या शेवटी यमुनेने वही पुढे केली. अक्षरं वेडीवाकडी, पण सही पुरी.

मीना म्हणाली, "पण आक्का, हिच्या डाव्या हाताला सही कधी येत होती? जे नव्हतंच ते रिगेन कसं? हे तर नुसतं गेन!"

मला राग आला. पोरगी नियमाने बोलत होती म्हणून जास्तच आला. डिक्शनरी उघडली. तिच्यात डावा-उजवा काही नव्हतं. "बघून सांगते," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा असं म्हणाले. यमुनेने वही मिटली.

*

नोव्हेंबरात तिच्यासोबत बँकेत गेले. काउंटरवरचा मुलगा भला होता. त्याने पॅड पुढे सरकवलं. "आजी, अंगठा द्या, पटकन होईल."

यमुनेने पॅड त्याच्याकडे परत ढकललं. पेन मागितलं. सही करायला तिला एवढा वेळ लागला की मागची रांग कुरकुरायला लागली. मी वळून बघितलं, रांग गप्प झाली.

मुलाने कागद बघितला, कॉम्प्युटर बघितला, पुन्हा कागद बघितला. "आजी, ही जुळत नाही हो. आमच्याकडची सही वेगळी आहे."

मी तोंड उघडलंच होतं. यमुनेने हात करून मला थांबवलं.

"ती उजव्या हाताची हाय, बाळा," ती म्हणाली. "ही माझी."