चोपण जमिनीचा रंग

सत्तरच्या दशकात आमच्या भागात कालवा येणार होता. त्याआधी कुठल्या जमिनीला पाणी सोसेल आणि कुठल्या नाही, याचा नकाशा करायचं काम माझ्याकडे आलं. पाथरीत खोली घेऊन मी शिवारं पालथी घालत असे. जागोजाग खड्डा खणायचा, थर बघायचे, माती पिशवीत भरायची.

मानवतच्या बाजूला एका शिवारात वरून सगळंच काळंभोर दिसत होतं. पण एका शेतातलं ढेकूळ तांब्यातल्या पाण्यात टाकलं, तर ते विरघळलं आणि पाणी काही निवळेना. चोपण. असल्या जमिनीत पाणी मुरत नाही. चर न काढता कालव्याचं पाणी दिलं की क्षार वर येतात आणि शेत हातचं जातं.

शेतमालक जवळ आला. "साहेब, तेवढं चोपण लिहू नका."

"का?"

"लेकीची सोयरीक जुळायलीय. सोनपेठकडची मानसं हायत, जमीन बघून करायलेत. सरकारी कागदावर खराब म्हनून आलं तर?"

"अहो, तुमच्याच भल्याचं आहे हे."

"भलं मागनं बघू, साहेब."

तासभर डोकेफोड केली. तो शांतपणे ऐकायचा आणि पुन्हा तेच म्हणायचा. मी चिडून चोपणच लिहिलं.

परभणीच्या कचेरीत वरिष्ठांनी नकाशा पाहिला. "इतके रंग कशाला? छपाईत बसणार नाहीत. हा चिंचोळा पट्टा शेजारच्या काळ्यात घाला."

"सर, तिथं पाणी दिलं तर..."

"ते अहवालात लिहा की."

पट्टा काळ्यात घातला आणि अहवालात तसं लिहिलं. अहवाल इंग्रजीत होता, आणि गावोगाव गेला तो नुसता नकाशा.

काही महिन्यांनी शेतमालक शेंगांची पिशवी घेऊन खोलीवर आला. "तुमी ऐकलंत. लगीन लय झ्याक झालं."

"मी काही केलं नाही. जमीन चोपणच आहे. पाणी घेऊ नका."

तो हसला. "असू द्या, साहेब, असू द्या." मी वरवर बोलतोय असंच त्याला वाटलं.

कालवा आला, त्यानं ऊस लावला. पुढं त्या बाजूला गेलो तेव्हा ऊस पिवळा, गुडघ्याएवढा, आणि सरीत पांढरी खपली. तो म्हणाला, "नकाशात तर चांगली होती की."

आता चर काढणं एवढाच उपाय होता, आणि चराचं पाणी शेजाऱ्याच्या शेतातून ओढ्याला न्यावं लागणार होतं. मी स्वतः शेजाऱ्याकडे गेलो. तो बैलांना वैरण टाकत होता.

"नकाशात त्याची अन् माझी एकच जमीन हाय," तो म्हणाला. "त्याची बिघडली ती त्याच्या हातानं. माझ्या रानातून चर न्हाई जायचा."

नकाशा चुकला आहे, हे मी त्याला पुन्हा पुन्हा सांगितलं. "मंग तुमी केला कशाला?" त्यानं विचारलं. शेवटची एसटी निघायची वेळ झाली, तरी मी तिथंच भांडत उभा होतो.