सोहमची मांडी

"एआरसी सिंड्रोम," रिपोर्ट खाली ठेवत डॉक्टर म्हणाले. माझा पहिला मुलगा सोहम तेव्हा पाच महिन्यांचा होता.

म्हणजे आर्थ्रोग्रायपोसिस, जन्मतःच आखडलेले सांधे. रीनल, म्हणजे मूत्रपिंडाचा बिघाड. आणि कोलेस्टॅसिस, म्हणजे पित्त यकृतात साचून होणारी कावीळ. तीन वेगळे आजार समजून आम्ही पनवेलपासून मुंबईपर्यंत दवाखाने पालथे घातले होते. मूळ एकच निघालं, व्हीपीएस थर्टीथ्री-बी नावाचं प्रोटीन. पेशीत तयार झालेला माल ज्याच्या त्याच्या जागी पोचवायला ते लागतं. सोहममध्ये ते कामच करत नव्हतं.

"नवरा नात्यातला?"

आत्याचा मुलगा. आत्याच्या घरी सून म्हणून जायला मिळालं, म्हणून किती मिरवले होते मी! दोघांकडून एकेक सदोष जीन आला होता.

"या मुलांची हाडं साध्या हाताळण्यानेही मोडतात," डॉक्टर म्हणाले. "दोष कुणाचाच नाही."

मला वर बघवेना. दीड महिन्याचा असताना सोहमची मांडी मोडली होती. माझ्या आत्याने, म्हणजे सासूने, आमच्या कोन गावातली कितीतरी बाळं पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. सोहमचे मुडपलेले गुडघे ती तेल लावून रोज हलक्या हाताने चोळायची. त्या सकाळीही चोळले आणि एका लग्नाला गेली. मला पाय सरळ व्हायची घाई. दुपारी मी पुन्हा तेल लावलं आणि पाय ओढला. कट् असा आवाज आला.

एक्स-रे बघून पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, "मालिश कोण करतं?"

"आत्या," मी म्हटलं. लग्नाहून थेट आलेली आत्या शेजारीच उभी होती.

सोहम आठव्या महिन्यात गेला. तो आवाज गेला नाही. शेवग्याची शेंग मोडताना अजून दचकते.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर डॉक्टरांना सगळं खरं सांगा. 'दोष कुणाचाच नाही' हे मी घरी सांगितलं होतं, पण पाय मी ओढला हे लपवूनच. मग आत्या स्वतःला दोष देणं कसं थांबवणार?

दोन वर्षांनी शेजारीण नातवाला न्हाऊ घालायला आत्याला बोलवायला आली.

"माझ्या हाताला आता गुण नाय, बाय," म्हणत आत्या आत गेली.

मी मागोमाग गेले आणि ती दुपार सांगून टाकली. ती मला दोन थोबाडीत देईल असं वाटलं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ती भिंतीला टेकून खाली बसली. मग विचारलं, "पोराला जाम दुखलं का गं तवा?"

"हो," मी म्हटलं. सोहम गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो.