ताठ बाजूचा रूळ
राळेचा वास आला की मी कामाला होतो तो उद्यमनगरातला कारखाना आठवतो. लेथचा चामडी पट्टा पकडीसाठी राळ लावूनही पुलीवरून घसरत होता. पट्टा दाबून ताणणारा रूळ मालकांनी पट्ट्याच्या ताठ बाजूला बसवायला सांगितला, तिथे मोकळी जागा होती म्हणून. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "मालक, ती बाजू आधीच ओढ खातीया. सैल बाजूला, ल्हान पुलीजवळ बसवू की!" "मिस्त्री, कारखाना कुणाचा हाय?" मालक सगळ्यांदेखत ओरडले. मिस्त्रींनी सांगितल्या जागी रूळ बसवला. तिसऱ्या दिवशी पट्टा तुटून त्यांच्या तोंडावर बसला, डोळा गेला. चूक मिस्त्रींचीच, असं मालकांनी लिहून आणलेल्या कागदावर नोकरीच्या भीतीने आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या. तेव्हा माझ्या पिशवीत कामगारांच्या हक्कांची पत्रकं होती. आज कामगारांच्या सभेत माझ्या बोलण्यावर टाळ्या पडतात, तेव्हा मला मान वर करवत नाही.