पोशीरच्या फेण्यांचं नाव

मे महिन्यात आठवडाभर माझा आवाज का उतरला होता, असं तुमच्या आईने विचारलं तेव्हा मी उन्हाचं नाव सांगितलं. खरं कारण आता तुम्हाला लिहिते. ते निस्तरलं आहे, आणि निस्तरलेली गोष्ट लिहायला बरं वाटतं.

पोशीरला सात बायकांचा फेण्यांचा गट आहे. तांदळाचं आंबवलेलं पीठ वाफवून वाळवलेले ते पांढरे पापड तुम्ही दोघं भातापर्यंत पुरू देत नाही. गटाची अध्यक्ष कर्जतच्या शाळेत माझी विद्यार्थिनी होती. आता तिलाही नातवंडं आहेत, तरी मला अजून बाईच म्हणते. निवृत्त झाल्यापासून गटाची वेबसाइट मी सांभाळते. साइटचं नाव प्रत्येक पाकिटावर छापलेलं असतं, आणि मुंबई-पुण्याच्या ऑर्डरी त्याच नावाच्या मेलवर येतात.

ज्या कंपनीकडे साइट होती तिथे पानं उघडायला फार वेळ लागायचा, कधी उघडतच नसत. म्हणून दुसऱ्या कंपनीकडे जायचं ठरवलं. अध्यक्षेला तिच्या अंगणात बसून समजावलं, "जागा भाड्याची असते, नाव आपलं असतं. जागा बदलायची, नाव तेच ठेवायचं."

"आमचं लग्नात उलटं झालं," ती म्हणाली. "घर बदललं आनि नाव पन गेलं." बाकीच्या हसल्या.

मी सगळं क्रमाने केलं. पानं, फोटो, ऑर्डरींची यादी पेनड्राइव्हवर उतरवून घेतली आणि उघडून तपासली. तुमच्या आजोबांच्या बदल्यांत आम्ही अनेक भाड्याची घरं सोडली. माझा नियम ठरलेला होता: जुनं घर झाडून, दूधवाल्याला सांगून, किल्ली मालकाच्या हातात द्यायची आणि मगच टेंपोत बसायचं. दोन घरांत पाय ठेवलेला मला आवडत नाही. त्याच नियमाने मी आधी जुनी जागा बंद केली. बंद झाल्याची पोच छापून फाइलला लावली, आणि आता उपयोग नाही म्हणून त्या कंपनीचे जुने कागद रद्दीत दिले. कपाटात एक कप्पा रिकामा झाल्याचं समाधानही वाटलं.

दुसऱ्या दिवशी नव्या कंपनीने नाव आणण्यासाठी एक कोड मागितला. तो कोड जुनी कंपनी नावाच्या मालकाच्या मेलवर पाठवते. मालकाचा मेल पूर्वी मीच भरून दिला होता आणि तो गटाचाच होता, शेवटी साइटचं नाव असलेला. संस्थेच्या कामात स्वतःचा पत्ता घालायचा नाही, ही शाळेतली सवय. आणि ती मेलपेटी मी बंद केलेल्या जागेतच होती.

मी जुन्या कंपनीला फोन लावला.

"कोड पाठवलाय मॅडम, मेल बघा," तिकडची बाई म्हणाली.

"ती मेलपेटी तुमच्याकडेच होती. मी बंद केली."

"आधी नाव हलवायचं असतं हो. जागा सगळ्यात शेवटी. तुम्ही छपरावर चढून शिडी ढकलून दिलीत."

"दुसऱ्या मेलवर पाठवा."

"नाही पाठवता येणार. नियम आहे."

नियम बरोबरच होता. नुसता फोन करून कुणीही कुणाचं नाव नेलं असतं. मेल बदलून हवा असेल तर मालकाने ओळखपत्र आणि नाव घेतल्याची मूळ पावती व्हिडिओ कॉलवर दाखवायची. मालक म्हणून मी अध्यक्षेचं नाव घातलं होतं, त्यामुळे ओळखपत्राची अडचण नव्हती. पावती मात्र रद्दीत गेली होती. नावाची मुदत बारा दिवसांनी संपत होती, आणि ती वाढवायलाही तोच मेल लागत होता. पुढे काय, असं विचारल्यावर ती म्हणाली, "दुसरं कुणी घेऊ शकतं. मी खात्री नाही देऊ शकत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नेरळला उतरून शेअर रिक्षाने पोशीरला गेले. वाटेत सांगायचं वाक्य दहा वेळा जुळवलं. अंगणात चादरींवर फेण्या पसरल्या होत्या, अध्यक्ष त्या उलटत होती. जुळवलेलं वाक्य बाजूला राहिलं, मी सरळ सांगून टाकलं.

"म्हंजे पाकिटावरचं नाव आपलं नाय?"

"अजून आहे. अकरा दिवस."

तिची जाऊ कावळे हाकत बसली होती. तिने मान वर केली नाही. "मी सांगितलं व्हतं, नेरळच्या शेटला सुट्टं देऊन टाका. फेनीला नाव कशाला पायजे?"

आपल्या नावाने विकायचं, हा हट्ट अध्यक्षेचा होता. बाकी सहा जणींना तिने वर्षभर समजावून तयार केलं होतं. नाव गेलं असतं तर त्या सहा जणींसमोर तीच खोटी पडणार होती, मी नाही. तिने हातातली फेणी उलटून ठेवली. मला म्हणाली, "पावती म्हंजे नाव घेतलं त्या दिवशी दिला व्हता तो कागद? एक तुमी ठेवला, एक मला दिला."

मला अजिबात आठवत नव्हतं. ती आत गेली, तांदळाच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला आणि प्लास्टिकची पिशवी काढली. त्यांच्याकडे नवीन घेतलेल्या कुठल्याही वस्तूचा कागद, पंपाचा असो की जमिनीचा, आधी देवापुढे ठेवून हळदकुंकू लावतात आणि मग तांदळात ठेवतात. तांदळात ठेवलेलं घर सोडून जात नाही, असं म्हणतात. त्यावरून मी तिला एकदा रागावलेही होते, फाइल आण म्हणून.

"बरं झालं बाई, तुमचं ऐकलं नाय," ती म्हणाली.

तिथूनच व्हिडिओ कॉल केला. तिने आधार कार्ड चेहऱ्याशेजारी धरलं, मग पावती.

"कागदावर लाल काय आहे?" कंपनीची बाई म्हणाली.

"कुकू हाय. नाव घेतलं तवा पूजा केली व्हती."

"नंबर दिसेल असं वर धरा जरा."

"नीट धर गं, हात हलतोय तुजा," मागून जाऊ म्हणाली, आणि उठून तिने स्वतःच तिचं मनगट धरलं.

तिकडे कीबोर्डची टकटक झाली. मग ती बाई म्हणाली, "जुळतंय, काकू. कुठला मेल घालू?" मी माझा स्वतःचा मेल सांगितला, आणि मला जरासुद्धा चुकल्यासारखं वाटलं नाही.

त्या दुपारी कोड आला. नाव हलायला आणखी पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी साइट नव्या जागेवरून उघडली, पटकन. मी अध्यक्षेला फोन केला. ती नुसतं "हां" म्हणाली, आणि मग फोन कानाला तसाच धरून बाकीच्यांना सांगत सुटली. आठवड्यात पहिल्यांदा मी दुपारी झोपले.

उठले तर गटाच्या मेलवर पुण्याच्या एका गिऱ्हाइकाचा प्रश्न होता: फेणी तळल्यावर किती फुगते? मी तिला पुन्हा फोन लावून विचारलं, काय लिहू.

"लिवा," ती म्हणाली, "आधी कढई मोठी घ्या."