रुपीबाईचं मोहाचं झाड

मोहाच्या त्या एकाच झाडाखाली फुलांचा सडा तसाच पडला होता. बाकी प्रत्येक झाडाखाली बायका टोपल्या भरत होत्या. मी एकीला विचारलं, तर मान वर न करता ती म्हणाली, "ते झाड रुपीबाईचं हाय, गुरुजी."

रुपीबाई गाव सोडून गेली त्याला वर्ष होत आलं. जंगलातल्या बंदूकवाल्यांनी दारात येऊन भात मागितला, तिच्या नवऱ्याने दिला. भात दिला म्हणून पोलिसांनी त्याला नेलं. सुटून आला, तर खबऱ्या ठरवून जंगलवाल्यांनी मारलं. तरी तिच्या झाडाला हात लावायचं इथे कोणाच्या मनात येत नाही. कुंपण नाही, राखण नाही.

आणि त्याच झाडामागचा अख्खा डोंगर ट्रकांत भरून चाललाय! तो कोणाचा, हे एकानेही गावाला विचारलं नाही. खाणीचा ठेकेदार दोन्हीकडच्या बंदुका खूश ठेवतो, म्हणून ट्रक कधी अडत नाहीत. अडते ती बाळंतीण, कारण दवाखान्याला रस्ताच नाही. पुढारी येतात, शांततेवर बोलतात, नव्या पोलीस चौकीची फीत कापून जातात. हे भांडण मिटलं तर यांचं कसं भागणार? वर शहरातले शहाणे मलाच विचारतात, "ही माणसं मुळातच हिंसक का हो?"

तेवढ्यात वारा सुटला. रुपीबाईची चार फुलं घरंगळत त्या बाईच्या टोपलीपाशी आली. तिने ती उचलली, आणि उठून परत त्या झाडाखाली नेऊन ठेवली.